बंदी कोणावर घालावी?

ऑस्ट्रेलियाच्या पार्लमेंटने २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात एक कायदा संमत केला आणि १० डिसेंबर २०२५ रोजी तो अमलात आला. सोळा वर्षांखालील मुलामुलींस फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब आदी समाजमाध्यमांवर आपले खाते ठेवता येऊ नये, असा त्याचा आशय आहे. ही वार्ता आमच्याकडे येऊन थडकते न थडकते तोच आपल्या देशातही तसल्याच कायद्याची भाषा सुरू झाली. २०२६ च्या जानेवारीत गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री श्री. रोहन खंवटे यांनी ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचा अभ्यास आपले सरकार करीत असल्याचे सांगितले. आंध्र प्रदेशच्या सरकारने ह्याच प्रश्नाच्या विचारासाठी मंत्र्यांची समिती नेमली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालानेही वयाची काही मर्यादा घालण्याचा विचार व्हावा असे सुचविले. त्यापूर्वी, २०२५ च्या एप्रिलात, तेरा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमे वर्ज्य करावीत अशी मागणी करणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. परंतु हा धोरणाचा प्रश्न आहे, तो कायदेमंडळाकडे न्यावा, असे म्हणून न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. सारांश, हा प्रश्न आता कायदेमंडळाच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे, आणि त्याचा विचार टाळणे सुज्ञ पालकांस शक्य नाही.

पुण्यातील सुशिक्षित कुटुंबांत ह्या बंदीच्या कल्पनेचे जे स्वागत होत आहे ते पाहून मात्र आम्हांस आनंदापेक्षा चिंताच अधिक वाटते. ज्या घरात राजकारणापासून आमटीतल्या गुळापर्यंत कोणत्याही गोष्टीवर दोघांचे एकमत होत नाही, त्या घरात ‘मुलांच्या हातातला मोबाइल सरकारने एकदाचा काढून घ्यावा’ ह्या मुद्द्यावर आजोबांपासून सूनबाईंपर्यंत सर्वांचे एकमत आहे. इतके सुलभ एकमत ज्या उपायावर होते, त्या उपायाची झळ एकमत करणारांपैकी बहुधा कोणासच लागावयाची नसते. येथेही तोच प्रकार आहे. ज्याला झळ लागावयाची ते मूल ह्या बैठकीस बोलाविलेलेच नाही. आणि जिच्यामुळे हा प्रश्न उद्भवला त्या व्यापारी कंपनीचे नाव फारसे कोणी घेत नाही. चोर सोडून संन्याशास सुळी देण्याचा हा बेत दिसतो. त्याविरुद्ध वेळीच चार शब्द लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून प्रथमच सांगून टाकतो की, रोग खरा आहे ह्याविषयी आमचे दुमत नाही. ‘प्रथम’ ह्या संस्थेच्या ‘असर’ पाहणीचा २०२४ सालचा अहवाल पाहा. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ८२ जणांस स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शेकडा ५७ जणांनी तो अभ्यासाच्या काही कामासाठी वापरला, तर शेकडा ७६ जणांनी समाजमाध्यमांसाठी वापरला. खेड्यांची ही स्थिती, तर ज्या शहरात घरटी दोन-तीन मोबाइल आहेत तेथील स्थिती सांगावयास पाहणी कशाला हवी? रात्री उशिरापर्यंत जागणारी, पाच मिनिटे एका जागी पुस्तक धरू न शकणारी, आपल्या छायाचित्रास किती जणांनी पसंती दिली ह्यावर आपली किंमत ठरविणारी मुले आम्ही सर्वजण पाहत आहोत. २०२१ साली फेसबुक कंपनीतूनच बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून असे उघड झाले की, इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीची घृणा वाढते, हे कंपनीस तिच्याच संशोधनावरून ठाऊक होते. तेव्हा जे घडत आहे ते अपघाताने घडत आहे असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

रोग खरा असला म्हणजे त्यावरचा कोणताही उपाय खरा ठरतो असे मात्र नव्हे. ह्या बाबतीत परदेशाकडे डोळे लावण्यापूर्वी आपल्याच महाराष्ट्रातील दोन गावांनी काय केले ते पाहणे अधिक बोधप्रद होईल.

यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यात बांशी नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने २०२२ च्या नोव्हेंबरात असा ठराव केला की, अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरू नये, आणि वापरल्यास दोनशे रुपये दंड व्हावा. त्याच वर्षी सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने निराळाच मार्ग धरला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो; तो वाजला की गावातील दूरचित्रवाणीचे संच आणि मोबाइल बंद व्हावेत, मुलांनी अभ्यासास बसावे आणि मोठ्यांनी वाचावे अथवा एकमेकांशी बोलावे; साडेआठास दुसरा भोंगा झाला की पुन्हा ज्याने त्याने आपल्या वाटेस लागावे, असा हा परिपाठ. दोन्ही गावांचा हेतू एकच व दोघांचाही प्रामाणिकपणा वादातीत आहे. परंतु दोन्ही ठरावांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. बांशीचा ठराव मुलापुरता आहे. वडगावचा भोंगा बापासाठीही वाजतो. पहिल्या गावात मोबाइल हा मुलांचा गुन्हा ठरला. दुसऱ्या गावात ती सर्वांची खोड ठरली आणि ती दीड तास आवरण्याचे सर्वांनी मिळून ठरविले. जे मूल दंडाच्या भीतीने मोबाइल खाली ठेवते ते पाठ फिरताच तो पुन्हा उचलते. जे आपल्या आईबापांस तो बाजूस ठेवताना पाहते, त्याला निदान तसे करणे शक्य आहे एवढे तरी कळते.

पुण्यातील पालकांस बांशीचा मार्ग आवडतो आणि वडगावचा आवडत नाही, ह्यातच आमच्या चिंतेचे मूळ आहे. ‘घरातल्या लोकांनी कधी काय करावे हे गावाने सांगू नये’, असे वडगावविषयी बोलणारे गृहस्थ, मुलांच्या बाबतीत तेच सरकारने सांगावे असा आग्रह धरतात. तत्त्व असेल तर ते दोन्हीकडे सारखे लागू पडावयास हवे.

घरातल्या गोष्टीत सरकारने हात घालावा की नाही, हा वाद पुण्यास नवा नाही. १८९१ साली संमतिवयाचे बिल ह्याच शहरात जितके गाजले तितके क्वचितच दुसरीकडे गाजले असेल. पती-पत्नींच्या सहवासास मुलीच्या वयाची जी मर्यादा दहा वर्षे होती ती बारा करावी, एवढीच त्या बिलाची मागणी. पण तिच्यावरून शहर दुभंगले. धर्मशास्त्राच्या आधारे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर बिलाच्या बाजूने उभे राहिले, ‘सुधारका’तून आगरकरांनी त्याची तरफदारी केली आणि ‘केसरी’तून टिळकांनी त्यास कसून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, हा टिळकांच्या विरोधाचा एक भाग सर्वांच्या स्मरणात आहे. दुसरा भाग विसरला गेला आहे. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी ती प्रथम स्वतःस लावून घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यासाठी मुलींची लग्ने सोळा वर्षांपूर्वी करावयाची नाहीत, अशांसारखी कलमे त्यांनी १८९० साली सुधारकांपुढे ठेवली होती.

आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर त्या वादाकडे पाहिले तर दोन्ही पक्षांचे एकेक म्हणणे टिकलेले दिसते. ज्या जिवाला स्वतःसाठी बोलता येत नाही त्याच्या रक्षणासाठी सरकारने घराच्या उंबऱ्याआत पाऊल टाकणे न्याय्य आहे, हे आगरकरपक्षाचे म्हणणे आता कोणीही नाकारीत नाही. १९२९ च्या शारदा कायद्यापासून आजच्या कायद्यांपर्यंत आपण त्याच वाटेने आलो. पण कायदा मागणाऱ्याने तो आधी स्वतःवर लावून घ्यावा, हे टिळकांचे म्हणणेही तितकेच खरे ठरले. कारण बारा वर्षांचा कायदा कागदावर राहिला, आणि मुलींची लग्ने खरोखर लांबली ती हुजूरपागेच्या व हिंगण्याच्या शाळांत आपल्या मुली पाठविणाऱ्या घरांतून. कायद्याने दिशा दाखविली. चालावे घरांनाच लागले. प्रस्तुत प्रश्नास हे दोन्ही निकष लावून पाहावेत एवढेच आमचे मागणे आहे. सरकारने आत पाऊल टाकावे, पण ते कोणास आवरण्यासाठी? आणि आपण आधी स्वतःस काय लावून घेतले आहे?

येथे एक वर्ग असा आहे की, त्याला कायदाही नको आणि काळजीही नको. नाटके आली तेव्हा मुले बिघडतील असे म्हणत होते. कादंबऱ्या आल्या तेव्हाही तेच. १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली त्या काळात सिनेमाविषयी तेच बोलले जात होते. पुढे दूरचित्रवाणी आली. आणि तरीही जग चालले आहे, असे हे लोक म्हणतात. हा युक्तिवाद ऐकावयास खुमासदार असला तरी त्यात एक मोठी चूक आहे. वाचक कादंबरी वाचतो, पण कादंबरी वाचकास वाचीत नाही. प्रेक्षकाने कोणत्या प्रसंगी श्वास रोखला आणि कोणत्या प्रसंगी जांभई दिली ह्याची नोंद करून पडद्यावरचे चित्र त्याच्यापुरते बदलत नाही. आणि कितीही रंगलेला खेळ असला तरी तो तीन तासांनी संपतो. समाजमाध्यमाचा खेळ संपतच नाही. एक रील संपताच दुसरी आपोआप पुढे येते, आणि ती कोणती असावी हे त्या मुलाचे बोट कोठे किती क्षण थांबले ह्याच्या हिशेबावरून ठरते. कंपनीचे उत्पन्न जाहिरातींचे. जाहिरात दाखवावयास मूल समोर बसलेले हवे. म्हणून ते अधिकाधिक काळ बसून राहावे अशी त्या यंत्राची रचनाच केलेली असते. ह्यात कोणा एकाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. ही धंद्याची घडणच तशी आहे. परंतु अशा घडणीपुढे ‘आम्ही मुलांवर चांगले संस्कार करू’ असे म्हणणारी एकटी आई म्हणजे पुरापुढे धरलेले सूप होय. शिवाय एका घराने आपल्या मुलास ह्या गोष्टीपासून दूर ठेवले तर ते मूल वर्गात एकटे पडते. ही गोष्ट सर्वांनी एकदम केली तरच जमते. आणि सर्वांनी एकदम करावयाच्या गोष्टींसाठीच कायदा असतो.

तेव्हा कायदा हवा. वाद उरतो तो एवढाच की, त्याच्या बेड्या कोणाच्या हातात पडाव्यात. आपल्या देशात मुलांसाठी आजवर जे चांगले कायदे झाले त्यांचा दाखला येथे उपयोगी पडेल. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांस गिरणीत कामास लावण्याची मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. कायदा अपुरा होता. पण त्याने कामावर आलेल्या पोरास दंड ठोठावला नाही, गिरणीवाल्यास जबाबदार धरले. प्रौढांसाठीच असलेला चित्रपट लहान मुलास दाखविला तर जाब चित्रपटगृहाच्या मालकास विचारला जातो. अल्पवयीन मुलाने मोटार चालवून अपराध केला तर पालकास व वाहनाच्या मालकास शिक्षा व्हावी, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ साली करण्यात आली. जेथे मोठ्यांचा नफा वा हयगय आहे तेथे मोठ्यांनाच धरावे, हेच ह्या सर्वांमागील तत्त्व होय.

आणि जेथे हे तत्त्व ढिले पडते तेथे काय होते, हेही पुण्याने पाहिले आहे. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्याने मद्य घेतले होते, असा आरोप झाला. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट पंचवीस वर्षांची आहे आणि मोटारीसाठी अठरांची. अटी होत्याच, पण देणाऱ्याने दिले, चाकाशी बसू देणाऱ्याने बसू दिले, आणि दोन घरांचे दिवे विझले. वयाचा आकडा कायद्याच्या पुस्तकात लिहिला म्हणजे काम झाले, असे समजणारांनी ह्या शहरात तरी तसे समजू नये.

समाजमाध्यमांच्या बाबतीत वयाचा आकडा आजही आहेच. अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करण्यास मनाई केली. तेव्हापासून बहुतेक कंपन्यांनी खात्यासाठी तेरा वर्षांची अट ठेवली आहे. ही अट कशी पाळली जाते? मुलाने जन्मसाल विचारले की चार-पाच वर्षे मागचे साल लिहावयाचे, संपले. म्हणजे ह्या नव्या जगाच्या दारात आपल्या मुलास मिळणारा पहिला धडा खोटे बोलण्याचा. आणि पुष्कळदा शेजारी उभ्या असलेल्या वडिलांनीच तो दिलेला. तेराच्या जागी सोळा लिहिल्याने ह्या धड्यात सुधारणा होईल असे ज्यांना वाटते त्यांच्या भोळेपणाचे आम्हांस नवल वाटते.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचे खरे मर्म सोळाच्या आकड्यात नसून, त्याच्या शिक्षेच्या कलमात आहे. आणि येथे टाळ्या वाजविणारांपैकी फार थोड्यांनी ते वाचलेले दिसते. त्या कायद्यात मुलास शिक्षा नाही, पालकास शिक्षा नाही. वयाची मर्यादा राखण्यासाठी रास्त उपाय न करणाऱ्या कंपनीस मात्र पाच कोटी डॉलरांच्या आसपास, नेमके सांगावयाचे तर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांपर्यंत दंड आहे. वय पटविण्यासाठी सरकारी ओळखपत्राखेरीज दुसरा मार्गच न ठेवणे कंपन्यांस त्या कायद्याने वर्ज्य केले आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे; नाहीतर मुलांच्या रक्षणाच्या नावाखाली थोरामोठ्यांची सर्वांची ओळखपत्रे त्याच कंपन्यांच्या हवाली होतील. महिन्याभरात सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचे तेथील सरकारने जाहीर केले. खाते बंद होणे आणि मूल सुटणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत; तेव्हा त्या कायद्याच्या यशाचे नगारे इतक्यात वाजविण्याचे कारण नाही. पण तो कायदा निदान योग्य दारावर धडकला आहे, हे श्रेय त्यास द्यावयास हवे.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्या संसदेने २०२३ च्या ऑगस्टात व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा जो कायदा केला त्याच्या नवव्या कलमात मुलांविषयीची तरतूद आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीचा वापर पालकांच्या खात्रीलायक संमतीवाचून करू नये; मुलाच्या वागणुकीवर पाळत ठेवू नये; त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत; आणि हे मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड व्हावा. म्हणजे ज्या नाडीवर ह्या धंद्याचा सारा जोर आहे, नेमक्या तिच्यावरच ह्या कलमाने बोट ठेवले आहे. मग ते कलम आहे कोठे? कायद्याचे नियम प्रसिद्ध होण्यास २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि त्या नियमांनी मुख्य तरतुदींच्या अंमलास आणखी अठरा महिन्यांची सवलत दिली. दुकानदारावर बंधन घालणारा कायदा हाताशी असता त्याच्या अंमलाची निकड कोणास भासली नाही, आणि मुलावर बंदी घालणाऱ्या नव्या कायद्याची मात्र घाई झाली आहे! ‘परदेशी कंपन्यांपुढे आपले काय चालणार?’ ही सबब तर कोणी सांगूच नये. २०२० च्या जून महिन्याच्या २९ तारखेस टिकटॉकसह ५९ ॲप सरकारने एका आदेशासरशी बंद केली, तेव्हा सरकारचे हात लांब नाहीत असे कोणास वाटले नव्हते.

पालकांच्या संमतीची गोष्टही वाटते तितकी सरळ नाही. आजोबांच्या मोबाइलवर खाते कोणी उघडून दिले? नातवाने. आईचा परवलीचा शब्द कोणाच्या ध्यानात आहे? मुलीच्या. जेथे वडिलांना संमतीचे बटण कोणते हे मुलास विचारावे लागते, तेथे संमती कोण कोणास देत आहे, हे ठरविण्यास नैयायिकच बसवावा लागेल. म्हणून केवळ संमतीवर विसंबणे म्हणजे ओझे पुन्हा घरावरच टाकणे होय.

आणखी एक गोष्ट आमच्या मते फार महत्त्वाची आहे, आणि तिचा उच्चारही कोठे होताना दिसत नाही. सरसकट बंदी आली की मोबाइल प्रथम कोणाच्या हातातून जाईल? मुलीच्या. ‘असर’च्या त्याच पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ३६ मुलांजवळ स्वतःचा फोन होता, मुलींत हे प्रमाण शेकडा २७ होते. जेथे आधीच इतका भेद आहे तेथे सरकारी बंदीचे निमित्त मिळाल्यावर काय होईल हे सांगावयास ज्योतिषी नको. मुलाच्या बाबतीत ‘वय आहे, चालायचेच’ आणि मुलीच्या बाबतीत ‘सरकारनेच सांगितले आहे’. १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तेव्हा, मुलींच्या हाती पाटी गेली तर त्या बिघडतील, असे म्हणणारे ह्याच शहरात होते. समाजमाध्यम म्हणजे पाटी नव्हे, हे आम्ही वर सांगितलेच आहे; परंतु बिघडण्याच्या भीतीचे निमित्त करून बंद होणारे दार नेहमी मुलीच्याच बाजूचे का असते, हा प्रश्न त्या वेळीही खरा होता आणि आजही खरा आहे.

पुण्याच्या नागरिकांस बंदीची आवड उपजतच आहे. आमच्या पाट्यांची कीर्ती दिगंत आहे. परंतु त्या पाट्यांवर मुलांसाठी काय लिहिले आहे ते कोणी एकदा मोजावे. वाडे पडले आणि अंगणे गेली. त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि तळमजल्यावर पाटी लागली, ‘वाहनतळात खेळण्यास सक्त मनाई’. मुले गच्चीवर गेली. गच्चीला कुलूप लागले. मुले रस्त्यावर आली. रस्ता मोटारींनी भरला. बागेत गेली तर ‘हिरवळीवर चेंडू खेळू नये’. २०२० च्या मार्चात साथीमुळे शाळाही बंद झाल्या, आणि आम्हीच त्यांच्या हाती मोबाइल देऊन म्हणालो की, आता ह्यातच शिका. शाळा उघडल्या तरी गृहपाठ व्हॉट्सॲपवरच येत राहिला. अशा रीतीने एकेका जागेतून हुसकून लावीत ज्या मुलास आपण चार इंचांच्या पडद्यात नेऊन बसविले, त्यालाच आता ‘येथेही बसू नकोस’ असे सांगणारी शेवटची पाटी आपण सरकारकडून रंगवून घेणार! मग त्याने बसावे तरी कोठे?

ह्या संदर्भात गोखल्यांच्या शिक्षणविषयक बिलाची आठवण होते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल कौन्सिलात आणले आणि १९१२ साली ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. त्या बिलात सक्ती होती. परंतु ज्या भागात मुलांचा ठरावीक हिस्सा आधीच शाळेत जात असेल तेथेच ती लागू करता यावी, अशी खबरदारीही होती. सक्तीपूर्वी सोय, हा त्यातील विवेक. मुलांस पडद्यापासून उठविणाऱ्या सरकारने आणि महापालिकेने प्रथम हे सांगावे की, क्रीडांगणासाठी राखलेल्या किती जागांवर आज खरोखर मुले खेळत आहेत, वॉर्डावॉर्डांत मुलांसाठी वाचनालये कोठे आहेत, आणि ती संध्याकाळी उघडी असतात काय. १८४८ साली नगरवाचन मंदिर काढणाऱ्या आणि १९२४ साली व्यायामासाठी महाराष्ट्रीय मंडळ उभारणाऱ्या शहरास हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

सरकार, महापालिका व कंपनी ह्यांना बोलून झाले. आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहिला त्या आमच्या वाचकांस दोन शब्द बोललेच पाहिजेत, मग ते कटू लागोत. ज्या बाळास बोलताही येत नाही त्याचे बारसे, उष्टावण, पहिले पाऊल, पहिला ताप हे सारे हजार अनोळखी माणसांपुढे कोणी मांडले? बाळाने मांडले नाही. दहावीच्या गुणांची जाहिरात, स्नेहसंमेलनातल्या नाचाच्या चित्रफिती, शाळेच्या पानावरचे मुलांचे चेहरे हे कोणाच्या संमतीने गेले? जेवणाच्या ताटावर बसून एका हाताने भाकरी मोडणारा आणि दुसऱ्या हाताने पडदा वर सारणारा जो गृहस्थ आहे, त्याने ‘आजकालच्या मुलांस काही वळण नाही’ असे म्हणावे ह्यापरते वळण ते कोणते? आडात नाही ते पोहऱ्यात येत नसते. मुलास आपल्या उपदेशापेक्षा आपल्या सवयी फार लवकर पाठ होतात.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. मुलांच्या वागणुकीवर पाळत आणि त्यांस लक्ष्य करणाऱ्या जाहिराती ह्यांवरील २०२३ च्या कायद्याची बंदी सवलतीविना अमलात यावी, आणि न संपणारी रील, आपोआप सुरू होणारे चित्र व रात्री-अपरात्री मुलास हाक मारणारी सूचना ह्यांसही तीच बंदी लागू करावी. खात्यासाठी वयाची मर्यादा घालावयाची तर खुशाल सोळांची घालावी. पण ती मोडल्याचा जाब कंपनीस विचारावा, मुलास व त्याच्या आईस नव्हे. मुलांच्या जागा त्यांना परत द्याव्यात. आणि हे सारे होईपर्यंत, व झाल्यावरही, ज्याने त्याने आपल्या घरी रोज दीड तास वडगावचा भोंगा वाजवावा. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. देऊळही लागत नाही, भिंतीवरचे घड्याळ पुरे. जो पालक सात वाजता आपला मोबाइल कपाटात ठेवील, त्याला सरकारकडे कडक कायदा मागण्याचा अधिकार आहे. ज्याला तेवढे जमत नाही, त्याने मुलांवरच्या बंदीसाठी टाळी वाजविण्यापूर्वी आपले दोन्ही हात मोकळे आहेत काय, हे एकदा पाहावे.